जिओटॅग छायाचित्रे आणि वस्तीची संमती

छायाचित्र नेमके कुठे टिपले याची त्यासोबत अक्षांश-रेखांशांत राहणारी नोंद म्हणजे जिओटॅग. छायाचित्र माणसांचे, त्यांच्या गल्लीचे किंवा वस्तीचे असेल आणि ते इंटरनेटवर जाणार असेल, तर परवानग्या दोन लागतात : चेहरा दाखवण्याची आणि पत्ता सांगण्याची. ‘काका, एक फोटो काढू का?’ एवढे पुण्याच्या पेठांत सहसा विचारले जाते. दुसरी परवानगी कुणी मागत नाही, कारण आपण पत्ताही देतो आहोत हे फोटो काढणाऱ्याच्याच गावी नसते.

ही नोंद बहुधा फाइलच्या पोटात असते. एक्झिफ हे त्यासाठीचे मानक १९९५ साली जपानमध्ये तयार झाले. त्यात कॅमेऱ्याचे मॉडेल, वेळ आणि लोकेशन चालू असल्यास स्थान नोंदले जाते. शनिवारवाडा १८.५१९, ७३.८५५ असा लिहिला की शंभरेक मीटरच्या घरात वाडा सापडतो. दशांशानंतरचा चौथा आकडा आला की अंतर सुमारे ११ मीटरवर येते, पाचव्याने जवळपास एका मीटरवर. चिंचोळ्या बोळात फोनचे जीपीएस इतके अचूक नसते, आकडे मात्र सहा-सहा देते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती गळून जाते. ‘क्लॅरिटी जाते रे, डॉक्युमेंट म्हणून टाक’ असे म्हणून पाठवला, तर मूळ फाइल आतल्या पत्त्यासकट पोहोचते. इन्स्टाग्राम ही माहिती लोकांना दाखवत नाही, पण हाताने निवडलेले लोकेशन फोटोच्या डोक्यावर दिसतेच.

पुण्यात खरा प्रश्न मात्र फोटोवरच छापलेल्या पट्टीचा आहे. स्वयंसेवी संस्था, एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) विद्यार्थी, नगरसेवकांचे कार्यकर्ते असे सगळेच ‘जीपीएस कॅमेरा’ छापाची अ‍ॅप वापरतात. वह्यावाटपाचा नेहमीचा फोटो डोळ्यांसमोर आणावा. मागे बॅनर, पुढे ओळीने उभी केलेली मुले, वही छातीशी धरा म्हणून दिलेली सूचना, चेहरे अगदी स्पष्ट. आणि खाली काळी पट्टी, तिच्यात छोटा नकाशा, वस्तीचे नाव, पिनकोड, अक्षांश-रेखांश, तारीख, मिनिटापर्यंत वेळ. एक्झिफ पुसून इथे काही होत नाही, कारण पत्ता चित्राचाच भाग झालेला असतो.

ही पट्टी हौसेने आलेली नाही. देणगीदारांना आणि कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागांना काम झाल्याचा पुरावा हवा असतो. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी नॅक ही संस्थाही उपक्रमांच्या पुराव्यादाखल जिओटॅग छायाचित्रे मागते. खोट्या अहवालांना आळा बसावा हा हेतू रास्तच आहे. चूक पुढे होते : तपासणाऱ्यासाठी काढलेला फोटो पीडीएफमध्ये बसून संकेतस्थळावर चढतो, फेसबुकवरही जातो आणि मूल्यांकन उरकल्यावर वर्षानुवर्षे तिथेच राहतो. पुरावा विद्यार्थ्यांच्या श्रमाचा असतो, पत्ता मुलांचा जातो. विद्यापीठांच्या या शहरात अशा पीडीएफ किती असतील, याचा अंदाज वाचकानेच करावा.

बुधवार पेठेत पत्ता हीच ओळख ठरते. दगडूशेठ गणपतीच्या दर्शनरांगेपासून काही मिनिटांवर देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची वस्ती आहे. आपण काय काम करतो हे गावी घरच्यांना न सांगितलेल्या स्त्रिया तिथे राहतात. उत्सवात जुन्या इमारतीचा फोटो घेताना खिडकीतली बाई चौकटीत आली, तर नुसता चेहरा फार काही सांगत नाही. चेहऱ्याला गल्लीचे नाव जोडले की तिचा व्यवसाय जाहीर होतो.

वारीचे गणित निराळे. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामी असते हे सगळ्यांना आधीच ठाऊक असते, त्यामुळे लोकेशनने कुणाचे काही बिघडत नाही. पहाटे टँकरपाशी अंघोळ करणाऱ्या बायकांचा फोटो वाईटच, पण तो लोकेशनशिवायही वाईट. शिवाय दिंडी पुढे जाते, वस्ती तिथेच राहते.

उलट बाजूही आहे. कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर ठोक्याठोक्याने मठारकाम करणाऱ्या कारागिरांना नकाशावरची खूण हवीच असते, कारण तिच्यामुळे गिऱ्हाईक थेट दारात येते. तिथे फोटो टाकून पत्ता गाळणे हा सभ्यपणा नव्हे, नुकसान आहे. म्हणून ‘लोकेशन कधीच देऊ नये’ हा सरसकट नियम टिकत नाही. पत्ता ज्याचा, त्याला विचारावे, एवढेच टिकते.

कायदा अर्धाच हाताशी येतो. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मात्र व्यक्तीने निव्वळ खासगी वा घरगुती कारणासाठी केलेला वापर त्यातून वगळला आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा असा ओळख पटवणारा तपशील माध्यमांतून उघड करता येत नाही. वस्तीला एकत्रितपणे ‘नको’ म्हणता येईल अशी तरतूद यांपैकी कशातच नाही.

निसर्गनिरीक्षक याबाबत पुढे आहेत. सासवड, इंदापूरकडच्या माळरानांवर लांडग्याचे बीळ दिसले तर जाणता छायाचित्रकार तालुक्यापलीकडे जागा सांगत नाही. आयनॅचरलिस्ट हे संकेतस्थळ संकटग्रस्त जातींचे स्थान ०.२ अंशाच्या, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरच्या चौकोनात आपणहून लपवते. त्याच माळावर मेंढरांसह उतरलेल्या धनगराच्या वाड्याचा, म्हणजे तळाचा, फोटो मात्र झाडासकट, पाणवठ्यासकट, बिनचूक आकड्यांनिशी टाकला जातो.

मूळ फाइल कार्यालयात ठेवून प्रसिद्धीच्या प्रतीवरची पट्टी कातरायला फोनवर अर्धा मिनिट लागतो. मुलांच्या पाठीमागून, वह्यांवर वाकलेली डोकी येतील असा फोटो घेतला, तर पट्टी राहूनही बिघडत नाही.