नागरिक नाही, तरी काउंटीच्या सभेत बोलता येतं

कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत एक समज वर्षानुवर्षं घट्ट बसला आहे: काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाच्या, सभेत बोलायचं तर अमेरिकेचं नागरिकत्व हवं. हे खरं नाही. नागरिकत्व लागतं ते काउंटीच्या निवडणुकीत मत द्यायला.

कॅलिफोर्नियाच्या 1953 च्या ब्राउन कायद्यानुसार अशी सभा जनतेसाठी खुली असते. एच-1बी व्हिसावरची मुलगी असो की नातवंडांसाठी आलेली आजी, कुणीही आत जाऊन बसावं. प्रवेशासाठी नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. आजी मराठीत बोलल्या आणि सोबत दुभाषी असला, तर सहसा त्यांना किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो. ही तरतूद मला फार मोलाची वाटते.

सांता क्लारा काउंटीत पाच सुपरवायझर, म्हणजे निवडून आलेले प्रतिनिधी, सरकारी रुग्णालयांचा, उद्यानांचा खर्च ठरवतात. त्या रुग्णालयांत आणि उद्यानांत आपणही जातोच ना? मग गप्प का बसायचं?

नियमित सभेची विषयपत्रिका किमान 72 तास आधी लावलेली असते. ती आधी वाचा. पत्रिकेबाहेरच्या विषयावरही बोलता येतं, पण त्यावर त्याच सभेत निर्णय सहसा घेता येत नाही.