छाटणी आणि तोड: अंगणातल्या जुन्या झाडासाठी नेमका अर्ज कोणता?

पावसाळा तोंडावर आला की अंगणातले जुने झाड अचानक सगळ्यांच्या डोळ्यांवर येते. वर्षभर ज्याच्या सावलीत गाड्या उभ्या राहिल्या, त्याच झाडाची धास्ती वाटू लागते, आणि मग घाईघाईने महापालिकेच्या उद्यान विभागाला एक अर्ज जातो, ज्याच्या विषयाच्या ओळीत "झाड तोडणे / छाटणे याबाबत" असे लिहिलेले असते. ही दोन कामे एकाच अर्जात बसवणाऱ्याला बहुधा आपल्याला नेमके काय हवे आहे हे ठरवता आलेले नसते. छाटणी आणि तोड यांचा कायदा एकच आहे, पण त्यांची कारणे, चौकशी, लागणारा काळ आणि नंतर येणारी जबाबदारी ही सर्व वेगवेगळी आहेत. त्यामुळे अर्ज लिहिण्याआधी झाडाखाली उभे राहून थोडा विचार केला, तर पुढचे पुष्कळ हेलपाटे वाचतात, आणि अनेकदा झाडही वाचते.

महाराष्ट्रातील शहरी भागांना १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन करण्याबाबतचा अधिनियम लागू आहे. झाड रस्त्यावर आहे की आपल्या मालकीच्या आवारात, आजोबांनी लावलेले आहे की पक्ष्याने टाकलेल्या बियांतून उगवलेले, यामुळे परवानगीच्या बंधनात फरक पडत नाही. हा मुद्दा लहान नाही, कारण मुंबईच्या २०१८ च्या वृक्षगणनेत मोजलेल्या सुमारे २९.७५ लाख झाडांपैकी निम्म्याहून अधिक झाडे खासगी आवारांतली होती. शहराची बहुतेक सावली अशा रीतीने सोसायट्या, वाडे, बंगले आणि चाळी यांच्या हाती आहे.

याच कायद्यात "झाड तोडणे" या शब्दांची व्याख्या दिलेली आहे, आणि सगळा घोटाळा समजून घेण्यासाठी ती फार मोलाची आहे. जाळणे, कापणे किंवा झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हे सारे त्या व्याख्येत येते. म्हणजे बुंध्याभोवती साल सोलून काढणे, खोडाला भोके पाडून त्यात रसायन ओतणे, मुळांशी कचरा पेटवणे ही कृत्ये करवतीने झाड आडवे करण्याइतकीच तोड ठरतात. मोठ्या फांद्या परवानगीवाचून उतरवणेही याच व्याख्येच्या तावडीत सापडते. "आम्ही झाड कुठे तोडले, फक्त फांद्या घेतल्या" हा बचाव म्हणूनच टिकत नाही. शेजारच्या आवारातून आपल्या हद्दीत आलेली फांदी हक्काने कापता येते असे अनेक जण मानतात. तिथे दोन शेजाऱ्यांमधला दिवाणी प्रश्न वेगळा आणि झाडाला इजा करण्यासाठी लागणारी परवानगी वेगळी, हे लक्षात ठेवावे.

इतके साम्य असूनही दोन्ही अर्जांची वाट पहिल्याच पावलाला फुटते. छाटणीचा अर्ज साधारणपणे विभाग कार्यालयाच्या पातळीवरच हाताळला जातो. उद्यान विभागाचा कर्मचारी येऊन झाड पाहतो, कोणत्या फांद्या घ्यायच्या ते ठरते आणि तसे पत्र मिळते. खासगी आवारातल्या छाटणीचा खर्च बहुतेक ठिकाणी मालकाने किंवा सोसायटीनेच करायचा असतो. तोडीच्या अर्जाचा प्रवास याहून लांब आहे. पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याने स्वतः झाडाची पाहणी करायची, चौकशी करायची, प्रस्तावाची जाहीर सूचना वृत्तपत्रात द्यायची आणि झाडाच्या दर्शनी भागावरही लावायची, अशी कायद्याची अपेक्षा आहे. झाडाला खिळलेला तो कागद वाचून कोणीही नागरिक हरकत घेऊ शकतो, मग तो त्या इमारतीत राहत असो वा नसो. हा विलंब अनेकांना जाचक वाटतो. मला तो योग्य वाटतो, कारण छाटणीत चूक झाली तर झाड काही वर्षांत सावरू शकते, तोडीतली चूक मात्र सुधारता येत नाही.

कारणांच्या बाबतीतला फरक याहूनही महत्त्वाचा आहे. झाड मेलेले, रोगट किंवा वाऱ्याने उन्मळलेले असेल, जीविताला अथवा मालमत्तेला त्यापासून धोका असेल, वाहतुकीला अडथळा होत असेल, किंवा आग, वीज, पाऊस अशा नैसर्गिक कारणांनी त्याचे मोठे नुकसान झालेले असेल, तर तोडीची परवानगी नाकारू नये असे १९७५ चा कायदा सांगतो. पालापाचोळा गच्चीवर पडतो, पक्ष्यांची विष्ठा गाड्यांवर पडते, घरात उजेड येत नाही, फुलांचा सडा पडून फरशी निसरडी होते, यांतली एकही तक्रार त्या यादीत नाही. या तक्रारी खोट्या नसतात आणि त्यांचा त्रासही खरा असतो. पण त्यांचे उत्तर छाटणीत, झाडलोटीत किंवा पन्हळीवर जाळी बसवण्यात आहे. खिडकीला घासणारी फांदी, विजेच्या तारेपर्यंत पोहोचलेला शेंडा, छपरावर ओठंगलेली वाळकी डहाळी हे सगळे छाटणीचे विषय आहेत.

धोका खरा आहे की भासतो, हे कसे ओळखावे? झाड वाकलेले आहे एवढ्यावरून काही ठरत नाही, कारण प्रकाशाच्या शोधात लहानपणापासून कललेले झाड आपली मुळे त्या कलाला साजेशी पसरवते आणि अनेक दशके तसेच उभे राहते. काल सरळ असलेले झाड आज कललेले दिसते, कलाच्या विरुद्ध बाजूला जमिनीला भेग पडलेली किंवा माती उचललेली दिसते, तेव्हा मात्र ताबडतोब कळवायला हवे. बुंध्याशी पावसाळ्यात वर्षानुवर्षे कठीण, लाकडी बुरशीच्या छत्र्या येत असतील, तर आतले लाकूड किंवा मुळे कुजत असण्याचा संभव असतो. खोडावर लाकडी हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज येणे हीही पाहण्यासारखी खूण आहे, पण पोकळ खोडाचे प्रत्येक झाड पडत नाही. जुने वड आणि चिंचा आतून पोकळ होऊनही बाहेरच्या सशक्त लाकडाच्या कवचावर उभ्या असतात. याउलट गुलमोहर, शेवगा अशा ठिसूळ लाकडाच्या झाडांच्या फांद्या वरून धडधाकट दिसत असतानाही वादळात मोडतात, आणि तिथे वेळेवर केलेली छाटणी हाच तोड टाळण्याचा मार्ग असतो.

मुळांच्या तक्रारी या दोन्ही अर्जांत नीट बसत नाहीत. कुंपणाची भिंत फुगली, फरशी उचलली गेली, मलवाहिनीत मुळे शिरली, म्हणून तोडीचा अर्ज केला जातो. मुळे सहसा आधीच गळत असलेल्या वाहिनीच्या सांध्यातून ओलाव्याच्या ओढीने आत शिरतात, त्यामुळे झाड गेले तरी गळती तशीच राहते. भिंतीच्या पायात मुळासाठी कमान सोडून ती पुन्हा बांधता येते. मोठे मूळ छाटून टाकणे हा मात्र सोपा वाटणारा आणि फार घातक उपाय आहे, कारण झाडाला त्या बाजूने धरून ठेवणारा दोरच त्यामुळे तुटतो.

छाटणीची परवानगी मिळाली म्हणजे झाड सुरक्षित झाले असे नाही, आणि दोन गोष्टींमधली सीमारेषा इथेच सर्वांत जास्त पुसली जाते. आमच्या इमारतीच्या मागे एक जुना आंबा होता. "इमारतीला अडथळा करणाऱ्या फांद्या" छाटण्याची परवानगी सोसायटीने रीतसर घेतली, आणि कंत्राटदाराच्या माणसांनी इमारतीकडच्या बाजूच्या सगळ्याच फांद्या खोडापासून उतरवल्या. आंब्याचा सारा भार एका बाजूला गेला आणि पुढच्या आषाढात तो त्याच बाजूला कोसळला. कागदावर ती छाटणी होती. मला त्या झाडाचे आजही वाईट वाटते, आणि पत्रात फांद्यांची संख्या व त्यांची जागा लिहून घेतली असती तर ते वाचले असते असे मला वाटते.

नीट छाटणीत फांदी जिथे खोडाला मिळते तिथली फुगीर कड राखून, तिच्या लगत पण तिला न दुखावता काप घेतला जातो, कारण जखम भरून काढणारी साल त्या कडेतूनच वाढते. जड फांदी असेल तर आधी थोड्या अंतरावर खालून काप घेतात, मग जरा पुढे वरून कापतात आणि उरलेला खुंट शेवटी काढतात. असे न केल्यास फांदी आपल्याच वजनाने खाली येताना खोडाची साल सोलून नेते. एका हंगामात एकूण पालवीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त काढू नये, असे जाणकार सांगतात. सरसकट शेंडा उडवणे सर्वांत वाईट, कारण त्या जागी फुटणारे झुबके वरवरच चिकटलेले असतात आणि काही वर्षांनी तेच वाऱ्यात तुटतात. नारळ, पोफळी, ताड यांच्या बाबतीत तर शेंडा छाटणे म्हणजे शब्दशः तोड, कारण त्यांचा वाढीचा कोंब एकच असतो आणि तो गेला की झाड मरते. माडाच्या वाळक्या झावळ्या आणि नारळ उतरवणे एवढीच त्याची छाटणी.

पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीची आणखी एक अडचण म्हणजे तिची वेळ. वैशाख-ज्येष्ठात कावळ्यांची घरटी भरलेली असतात, आणि कावळ्याने घरटे झाडाच्या कोणत्या बाजूला बांधले यावरून पावसाचा अंदाज बांधणारी आपली जुनी माणसे त्याकडे आवर्जून पाहत असत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे आणि त्यांच्या घरट्यांना उपद्रव देणे हे येते. छाटणी असो वा तोड, आधी झाडावर चढून घरटी पाहून घ्यावीत. पोकळ फांदीच्या ढोलीत पोपट किंवा पिंगळा राहत असतो, तो खालून दिसत नाही.

गावातल्या परसाचा प्रश्न निराळा आहे, तरी एक घोटाळा इथेच सोडवलेला बरा. शहराबाहेर १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा येतो, आणि त्यातही "वृक्ष अधिकारी" हेच पद आहे. मात्र तो अधिकारी वनखात्याचा असतो, पालिकेच्या उद्यान विभागाचा नव्हे. तो कायदा साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, खैर, चंदन अशा अनुसूचित जातींपुरता आहे.

तोडीची परवानगी मिळालीच, तर तिच्यासोबत देणे येते. तोडल्यापासून ३० दिवसांत त्याच जागी किंवा योग्य अशा दुसऱ्या जागी नवे झाड लावण्याची अट १९७५ च्या कायद्यात आहेच. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना प्राचीन वृक्ष म्हणून वेगळे स्थान दिले, आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी झाडे लावण्याचे तत्त्व आणले. ती ६ ते ८ फूट उंचीची असावीत आणि ७ वर्षे जपावीत, अशी अपेक्षा आहे. म्हणजे ६० वर्षांची एक चिंच पाडणाऱ्याला ६० झाडांची जागा शोधायची आहे, जी शहरातल्या कोणत्याही अंगणात नसते. छाटणीच्या परवानगीत असे काही देणे सहसा नसते. अर्ज लिहिताना झाडाची जात, अंदाजे वय, बुंध्याचा घेर, चारही बाजूंनी काढलेली छायाचित्रे आणि त्रास देणाऱ्या फांदीचे वा भेगेचे जवळून काढलेले छायाचित्र जोडावे, सोसायटी असल्यास समितीचा ठराव लावावा, आणि विषयाच्या ओळीत "छाटणे" किंवा "तोडणे" यांपैकी एकच शब्द लिहावा.