प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या रुग्णांतील विषाणूसंबंधित दुर्मीळ गाठी : दुसऱ्या मतासाठी नमुना पाठवण्याची प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रे

अवयव प्रत्यारोपण झालेल्या, एचआयव्ही संसर्ग असलेल्या, जन्मतःच प्रतिकारशक्तीत उणीव असलेल्या किंवा ती दाबणारी औषधे दीर्घकाळ घेणाऱ्या रुग्णाच्या बायोप्सीचा अहवाल अनिश्चित आला, किंवा आजाराच्या स्वरूपाशी जुळला नाही, तर तोच नमुना अशा गाठींचा अनुभव असलेल्या विकृतिशास्त्रज्ञाकडे (पॅथॉलॉजिस्टकडे) दुसऱ्या मतासाठी पाठवावा. प्रत्यारोपणाला अनेक वर्षे उलटली असली तरी ही शक्यता सोडू नये.

विनंती सहसा उपचार करणाऱ्या डॉक्टरांमार्फत केली जाते. अर्जातील सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे रुग्णाची वैद्यकीय माहिती, आणि नेमका तोच रकाना पुष्कळदा अर्धवट भरलेला असतो. एप्स्टाइन-बार विषाणूशी निगडित स्नायुपेशींची गाठ सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूंच्या नेहमीच्या गाठीसारखी दिसू शकते. त्यामुळे प्रतिकारशक्तीची स्थिती कळवलेली नसेल, तर ‘ईबर’ ही विषाणूचा आरएनए पेशीत शोधणारी तपासणी करण्याचे कारणच विकृतिशास्त्रज्ञाला दिसत नाही. शिवाय या गाठी एकाच वेळी अनेक अवयवांत स्वतंत्रपणे उद्भवू शकतात. त्यांना एका कर्करोगाचा प्रसार समजले, तर उपचारांची दिशाच चुकते. म्हणून प्रत्येक गाठीची जागा, प्रत्यारोपणाची तारीख, चालू औषधे आणि लागू असल्यास सीडी४ संख्या (रक्तातील एका प्रकारच्या प्रतिकारपेशींची संख्या) अर्जात स्पष्ट लिहावी.

अर्जासोबत डॉक्टरांचे पत्र, मूळ अहवाल, स्कॅनचे अहवाल, स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला ऊतकाचा, म्हणजे टिश्यूचा, तुकडा) द्यावा. ब्लॉक देता येत नसेल, तर त्यातून कापलेल्या न रंगवलेल्या स्लाइड मागवाव्यात. केवळ रंगवलेल्या स्लाइडवर पुढील तपासण्या करणे बहुधा शक्य होत नाही. कापोसी सार्कोमा या कर्करोगाची शंका असल्यास, त्याच्याशी निगडित असलेल्या मानवी हर्पीस विषाणू ८ चे ‘लाना’ प्रथिन शोधण्याची विनंती करावी. ब्लॉक नेताना पोच घ्यावी व तो परत मिळण्याची अट लिहून घ्यावी, कारण पुढेही त्याची गरज पडू शकते. एचआयव्हीची माहिती रुग्णाच्या संमतीने आणि सीलबंद पाकिटातच द्यावी.

रक्तातील एप्स्टाइन-बार विषाणूचे प्रमाण जोडणे उपयुक्त आहे, परंतु ते ऊतकाच्या तपासणीची जागा घेत नाही : रक्तात विषाणू सापडला म्हणून गाठ त्याच्यामुळेच झाली असे ठरत नाही. हाडाचा नमुना आम्लाने मऊ केला असल्यास तेही कळवावे, कारण त्या प्रक्रियेत आरएनए खराब होतो आणि ‘ईबर’ खोटी नकारात्मक येऊ शकते, म्हणजे विषाणू असूनही तो नसल्याचे दाखवू शकते. अशा वेळी नमुन्यातील आरएनए शाबूत होता का, याचा उल्लेख अहवालात मागावा.

नमुना अपुरा ठरल्यास नव्याने बायोप्सी करावी लागते. लिम्फोमाची (लसीकापेशींच्या कर्करोगाची) शंका असेल, तर प्रयोगशाळेला आधीच कळवून ऊतकाचा एक भाग फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात) न टाकता फ्लो सायटोमेट्री या पेशींचे प्रकार ओळखणाऱ्या तपासणीसाठी ताजा पाठवावा.