महार रेजिमेंटचा बिल्ला: चौकट करून घेण्यापूर्वी ग्राहकांसाठी माहिती

सैनिकांची पदके आणि टोपीवरचे बिल्ले काचेच्या चौकटीत बसवून घेण्यासाठी आमच्या कार्यशाळेत येणाऱ्यांमध्ये महार रेजिमेंटमध्ये सेवा केलेल्यांची कुटुंबे बरीच असतात. घरात आजोबांचा एक आणि वडिलांचा एक असे दोन बिल्ले जपलेले असतात, ते एकमेकांशी जुळत नाहीत, आणि मग त्यांतला एक नकली असावा अशी शंका येते. बहुतेक वेळा दोन्ही अस्सल असतात, कारण या रेजिमेंटचे चिन्ह काळाबरोबर बदलत गेले आहे. आपल्या हाती असलेला बिल्ला कोणत्या काळातला आहे हे ग्राहकांना ओळखता यावे, यासाठी हे माहितीपत्रक तयार केले आहे.

पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता आणि त्यावर ‘महार’ हा शब्द होता. 1 जानेवारी 1818 रोजी भीमा नदीकाठच्या कोरेगाव येथे ईस्ट इंडिया कंपनीची मुंबईची पलटण आणि दुसऱ्या बाजीराव पेशव्यांची फौज यांच्यात लढाई झाली, आणि तिचे स्मारक म्हणून कंपनी सरकारने हा स्तंभ उभारला. त्यावर कोरलेल्या मृत सैनिकांच्या यादीत ‘नाक’ या प्रत्ययाने संपणारी 22 नावे महार शिपायांची आहेत. ज्या समाजाला गावात हत्यार तर सोडाच, पण सन्मानही नाकारला जात होता, त्याच्या शौर्याची ही दगडात कोरलेली नोंद होती, आणि 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्तंभाला भेट दिली ती याच जाणिवेने. त्यांचे वडील रामजी सकपाळ हे स्वतः लष्करात सुभेदार होते.

मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, काही मोजक्याच जमाती ‘लढाऊ’ असतात या ब्रिटिश समजुतीपायी, महारांची लष्करभरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात माणसांची गरज भासली तेव्हा 1917 मध्ये 111वी महार पलटण उभी करण्यात आली, पण युद्ध संपल्यावर 1921 मध्ये ती बरखास्त झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1941 मध्ये, आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले. भरतीसाठीची त्यांची आणि समाजातील माजी सैनिकांची मागणी अखेर मान्य होऊन त्याच वर्षीच्या 1 ऑक्टोबरला बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. म्हणून टोपीवरच्या त्या स्तंभाचा अर्थ केवळ एका जुन्या विजयाची आठवण एवढाच नव्हता. हे लोक पूर्वीही सैनिक होते, असे तो बिल्ला सांगत होता. आमच्या मते हा त्याच्या अर्थाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

ऑक्टोबर 1946 मध्ये रेजिमेंटचे रूपांतर मशीनगन रेजिमेंटमध्ये झाले, तेव्हा बिल्ल्यावर स्तंभासमोर एकमेकींना छेदणाऱ्या दोन विकर्स मशीनगन आल्या. पाण्याने थंड राहणारी, तिपाईवर बसवली जाणारी ही .303 बोअरची सलग मारा करणारी बंदूक 1912 पासून ब्रिटिश सैन्यात होती आणि ती चालवायला तरबेज गट लागत असे. स्तंभ आणि मशीनगन एकत्र असलेला बिल्ला आपल्याकडे असेल, तर तो 1946 नंतरच्या काळातला आहे. हा काळ फाळणीचा होता आणि पंजाबात निर्वासितांच्या रक्षणाचे काम रेजिमेंटच्या बटालियननी केले.

स्वातंत्र्यानंतर स्तंभ वगळण्यात आला आणि त्याच्या जागी खंजीर आला; मशीनगन मात्र तशाच राहिल्या. 1963 मध्ये रेजिमेंट पुन्हा पायदळाच्या कामावर आली, तरीही चिन्हातून त्या काढल्या गेल्या नाहीत, त्यामुळे आजही बिल्ल्यावर तिपाईवरच्या दोन विकर्स गन आणि खंजीर दिसतात. रेजिमेंटचे ब्रीदवाक्य ‘यश सिद्धि’ असून युद्धघोष ‘बोलो हिंदुस्तान की जय’ असा आहे. नाव महार असले तरी आज तिच्यात देशाच्या निरनिराळ्या भागांतील आणि समाजांतील जवान आहेत. श्रीलंकेत 25 नोव्हेंबर 1987 रोजी धारातीर्थी पडलेले आणि मरणोत्तर परमवीरचक्राने गौरवले गेलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन हे 8 महारचे, म्हणजे रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे, अधिकारी होते.

स्तंभाचा बिल्ला ‘जुना’ म्हणून बाजूला ठेवून त्याऐवजी नवा बिल्ला बसवून द्यावा, अशी मागणी काही ग्राहक करतात. तसे करू नये, असा आमचा आग्रह आहे. ज्या सैनिकाने जो बिल्ला टोपीवर लावला, तोच त्याच्या चौकटीत असावा. दोन पिढ्यांचे बिल्ले असतील तर ते एकाच चौकटीत, प्रत्येकाखाली सेवेचा काळ लिहून, शेजारी शेजारी बसवता येतात.

बिल्ला आणताना तो पितळी पॉलिशने घासू नये, कारण अक्षरांच्या आणि नक्षीच्या कडा झिजतात आणि त्या पुन्हा मिळत नाहीत. मऊ कोरड्या कापडाने धूळ पुसणे पुरेसे आहे. मागच्या बाजूच्या कड्या किंवा पट्टी कापू नये; त्यांवरून आणि मागे कारखान्याचा शिक्का असल्यास त्यावरून बिल्ल्याचा काळ ठरवायला मदत होते, आणि आम्ही चौकटीत त्यांच्यासाठी खाच ठेवतो. सैनिकाचे सेवापुस्तक किंवा गणवेशातले छायाचित्र घरी असेल तर त्याची प्रत सोबत आणावी, म्हणजे बिल्ल्याखालचा मजकूर बिनचूक लिहिता येईल.