गोल्फमधला चिप शॉट

होलभोवती गवत अगदी बारीक कापलेला जो भाग असतो त्याला ग्रीन म्हणतात. चिप म्हणजे या ग्रीनच्या काठाजवळनं मारलेला छोटा फटका, ज्यात बॉल हवेत थोडा जातो आणि जमिनीवर जास्त पळतो. पिचमध्ये याच्या उलट असतं, बॉल वर जास्त जातो आणि पडला की लवकर थांबतो. पट म्हणजे ग्रीनवरनं नुसतं घरंगळत नेणं. हे तिन्ही आणि बंकरच्या वाळूतले फटके मिळून शॉर्ट गेम होतो. ग्रीन हुकलं, मग चिप मारून बॉल होलजवळ आणला आणि एका पटमध्ये आत घातला, तर त्याला अप अँड डाऊन म्हणतात. अमेरिकेतल्या पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धांतले पट्टीचे खेळाडूसुद्धा एका फेरीतल्या १८ पैकी साधारण १२ च ग्रीन ठरलेल्या फटक्यांत गाठतात, म्हणजे रोज सहाएक वेळा त्यांनाही असं काठावरनं सावरायला लागतं, मग आपल्यासारख्या हौशी माणसाला किती वेळा लागत असेल याचा हिशोब ज्यानं त्यानं करावा.

होलचा व्यास ४.२५ इंच म्हणजे १०८ मिलिमीटर असतो आणि बॉल कमीत कमी १.६८ इंचाचा. एवढ्याशा खळग्यात वीस पावलांवरनं बॉल घालायचा नसतोच खरं तर, तो जवळ न्यायचा असतो, आणि जवळ म्हणजे एका पटमध्ये डोळे झाकून जाईल इतका.

कोल्हापूर आणि चिप

कोल्हापूर म्हटलं की कुस्ती, फुटबॉल आणि नेमबाजी, गोल्फचं नाव कुणी पटकन घेत नाही. मोठ्या कोर्सवर मनसोक्त खेळायचं तर पुणं गाठायचं, ते पडलं २३० किलोमीटर, जाऊन येऊन दिवस मोडतो. पण चिपचं तसं नाही. त्याला लागते पंधरा-वीस पावलांची मोकळी जागा, एक-दोन क्लब म्हणजे गोल्फच्या काठ्या आणि चार बॉल, म्हणून आपल्याकडच्या माणसानं गोल्फची सुरुवात ड्रायव्हरनं, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबनं, मारण्यापासनं न करता चिपपासनं करावी असं माझं ठाम मत आहे. छोटा फटका नीट बसायला लागला की मोठ्यातल्या बऱ्याच चुका आपोआप कळतात, उलटं मात्र होत नाही.

शिवाय आपल्या हातात हा खेळ आधीच थोडा असतो. लहानपणी गोट्या खेळताना खळग्यात गोटी घालायची असली की आपण ती थेट खळग्यावर फेकत नव्हतो, अलीकडं कुठंतरी टाकायचो आणि पळत जाऊन आत पडू द्यायचो. चिपची अक्कल तेवढीच आहे. होलकडं बघून मारायचं नाही, टप्पा कुठं पडणार ते ठिकाण ठरवायचं आणि त्याच्याकडं बघून मारायचं.

पण विटी-दांडूची सवय मात्र घात करते. विटी कोलताना दांडू खाली घालून वर उचलायचा असतो, आणि गोल्फ शिकणारा नेमकं तेच करतो, बॉलच्या खाली क्लब घालून त्याला वर कोलायला बघतो. क्लबला लॉफ्ट म्हणजे तोंडाचा कल दिलेलाच असतो, बॉल वर चढवायचं काम तो कल करतो, आपलं काम क्लब खाली येताना बॉलला आधी गाठायचं. क्रिकेटमधला फॉरवर्ड डिफेन्स आठवा, बॅटचं हँडल पुढं आणि पातं किंचित मागं, चिपमध्ये हातांची जागा जवळपास तीच.

साधी चिप

उजव्या हातानं खेळणाऱ्याचं सांगतो, डावखुऱ्यांनी उलटं घ्यावं. पाय जवळजवळ, मध्ये वीतभर अंतर पुरे. अंगाचा भार डाव्या पायावर थोडा जास्त, शंभरातला साठ-सत्तर, आणि फटका संपेपर्यंत तो तिथनं हलवायचा नाही. बॉल मधोमध किंवा एक बोट उजवीकडं. ग्रिप थोडी खाली धरायची म्हणजे क्लब आखूड होतो आणि ताब्यात राहतो. मग मनगटं शांत ठेवून खांदे आणि हात एकत्र मागं न्यायचे आणि पुढं आणायचे, पुढं येताना छातीपण होलकडं वळू द्यायची. नवा माणूस छाती जागेवर थांबवतो आणि नुसते हात फेकतो, तिथनं सगळा गोंधळ सुरू होतो. अंतर कमी-जास्त करायचं असेल तर झोका लहान-मोठा करायचा, मध्येच वेग मारायचा नाही. भिऊन बॉलपाशी आल्यावर हात ढिला सोडणं ही चिपमधली सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

एकच झोका, वेगवेगळे क्लब

शिकायला सगळ्यात सोपी आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाची पद्धत ही. झोका तोच ठेवायचा आणि क्लब बदलायचा. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं, त्यात गुडघ्यावर बसून, आडवं पडून आणि उभं राहून अशा तीन तऱ्हांनी नेम धरतात, पण ट्रिगर दाबायचं बोट तिन्हीकडं एकाच नरमाईनं चालतं. इथंपण तसंच, परिस्थिती बदलते, हाताचं काम बदलत नाही.

कुठला क्लब घ्यायचा यासाठी बाराचा नियम म्हणून एक जुना हिशोब आहे. बॉलपासनं टप्प्याच्या ठिकाणापर्यंत पावलं मोजायची, मग तिथनं होलपर्यंत मोजायची. समजा पहिली ३ आली आणि दुसरी ९, म्हणजे हवेत एक भाग आणि जमिनीवर तीन भाग. १२ मधनं ३ वजा केले की ९ उरतात, ९ नंबरची आयर्न म्हणजे लोखंडी पात्याचा क्लब घ्यायचा, नंबर वाढेल तसा लॉफ्ट वाढतो. एकास पाच आलं तर ७ आयर्न, एकास चार तर ८. एकास दोन आलं तर उत्तर १० येतं, त्याला पिचिंग वेज समजायचं (वेज म्हणजे जास्त लॉफ्टचा क्लब), आणि एकास एक आलं तर ११ म्हणजे सँड वेज. हे सपाट आणि मध्यम वेगाच्या ग्रीनसाठी. चढ असेल तर कमी लॉफ्टचा क्लब, उतार असेल तर जास्त लॉफ्टचा. टप्पा शक्यतो ग्रीनवर, काठापासनं एखादं पाऊल आत पडेल असा धरायचा, कारण बाहेरच्या गवतात टप्पा कसा उसळेल ते सांगता येत नाही आणि ग्रीनवर सांगता येतं.

कमी लॉफ्टची आयर्न घेऊन बॉल खालनं पळवायचा या फटक्याला बंप अँड रन म्हणतात. टीव्हीवर दिसत नाही म्हणून लोक याला कमी लेखतात, पण चूक झाली तरी नुकसान थोडं होतं, वेजनं चूक झाली तर बॉल ग्रीनच्या पलीकडं जातो.

बाकीच्या तऱ्हा

पटसारखी चिप: अमेरिकेचा पॉल रन्यान यासाठी प्रसिद्ध होता. क्लब उभा धरायचा, इतका की टाचेकडचा भाग जमिनीवरनं उचलला जातो आणि फक्त टोक टेकतं, ग्रिप पटरची म्हणजे पट मारायच्या क्लबची, झोका पण पटरचाच. बॉल टोकावर लागल्यामुळं मऊ निघतो आणि क्लब जमिनीत घुसायला जागाच राहत नाही. रन्यान अंगानं लहान आणि फटक्यानं आखूड, तरी १९३८ च्या पीजीए चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये त्यानं लांब मारणाऱ्या सॅम स्नीडला ८ आणि ७ नं हरवलं, म्हणजे तो ८ होलनं पुढं होता आणि ७ होल बाकी असतानाच मॅच संपली. शॉर्ट गेमची ताकद सांगायला मला याच्याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

उंच मऊ चिप: मध्ये बंकर आहे आणि होल काठाला चिकटून आहे अशा वेळी. सँड वेज किंवा ६० च्या आसपास अंशांची लॉब वेज घ्यायची, क्लबचं तोंड उघडायचं म्हणजे आणखी आभाळाकडं वळवायचं, बॉल पुढच्या पायाकडं घ्यायचा, मनगट थोडं मोडायचं आणि क्लबचा तळवा जमिनीवरनं सरकू द्यायचा. याचं टोक म्हणजे फ्लॉप शॉट. खाली मऊ गवताची गादी असेल तरच करावा, कडक जमिनीवर नाही.

मनगट वापरून मारलेली चिप: बॉल दाट रफमध्ये, म्हणजे वाढलेल्या गवतात, बसला असेल तर नुसता खांद्याचा झोका गवतात अडकतो. तिथं मनगट मोडून क्लब सरळ वर उचलायचा आणि उभाच खाली आणायचा.

हायब्रिड किंवा ३ वूडची चिप: बॉल ग्रीनच्या काठाच्या गवताला टेकून थांबला की उपयोगी, रुंद तळव्याचा क्लब गवतात न अडकता सरकतो. टायगर वूड्सनं ३ वूडनं अशा चिप मारून दाखवल्यावर ही तऱ्हा जास्त माहीत झाली. आणि फ्रिंज, म्हणजे ग्रीनच्या काठाची गवताची पट्टी, गुळगुळीत असेल तर सरळ पटर घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही.

डावा हात खाली धरून चिप मारणारेपण आहेत. २०२२ ची गोल्फची यूएस ओपन स्पर्धा जिंकलेला मॅट फिट्झपॅट्रिक तशी मारतो. उजवं मनगट मध्येच झटका देत असेल त्यानं हे करून बघावं.

जमीन आणि बाउन्स

कोल्हापूरकरानं हा भाग नीट समजून घ्यावा, कारण आपली जमीन वर्षभरात दोन टोकं दाखवते. एप्रिल-मे मध्ये नदीकाठची काळी माती भेगाळून दगडासारखी होते आणि आषाढ-श्रावणात त्याच मातीत चप्पल रुतते. वेजच्या तळव्याला एक फुगवटा असतो, पुढच्या धारेपेक्षा तळवा खाली असतो, त्या कोनाला बाउन्स म्हणतात. ओल्या मऊ जमिनीत जास्त बाउन्स, म्हणजे १० अंशांच्या वरचा, धारेला रुतू देत नाही. कडक जमिनीवर मात्र तोच फुगवटा आपटून उसळतो आणि धार थेट बॉलच्या पोटात बसते, तिथं कमी बाउन्सची वेज, नाहीतर सरळ ८ आयर्न. सँड वेजला आजचं रूप दिल्याचं श्रेय जीन साराझेनला देतात, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं क्लबच्या तळव्याला जास्तीचा धातू लावून हा फुगवटा तयार केला.

क्लब आधी जमिनीत घुसला की त्याला फॅट म्हणतात, बॉल दोन हात पुढं जाऊन थांबतो. धार बॉलच्या मध्यावर बसली की थिन, बॉल ग्रीन ओलांडून पार. दोन्ही वेगळ्या चुका वाटतात पण मूळ बहुतेक वेळा एकच, भार मागच्या पायावर राहिला आणि बॉलला वर कोलायला गेलं. मला स्वतःला हे कळायला बरेच महिने गेले, मी फॅट झालं की बॉल मागं घ्यायचो आणि थिन झालं की पुढं, आणि पाय मात्र तसाच.

नियमातलं थोडं

फ्रिंज हे ग्रीनमध्ये धरत नाहीत, तिथं बॉल मार्क करून उचलता आणि पुसता येत नाही. सुटी पानं, काड्या मात्र काढता येतात, फक्त बॉल हलता कामा नये. झेंडा होलमध्ये ठेवून चिप मारायला आधीपासनं परवानगी आहे, आणि २०१९ पासनं पट मारतानाही आहे. एकाच झोक्यात चुकून बॉलला दोनदा क्लब लागला तर पूर्वी एक फटका दंड होता. तैवानच्या टी. सी. चेनचा १९८५ च्या यूएस ओपनमध्ये असाच घात झाला, शेवटच्या दिवशी चार फटक्यांनी पुढं असताना पाचव्या होलवर चिप मारताना बॉलला दोनदा लागलं, त्या होलवर ८ फटके झाले आणि शेवटी तो एका फटक्यानं हरला. २०१९ पासनं तो दंड काढला, आता तो एकच फटका धरतात.

गाजलेल्या चिप

१९८२ ची यूएस ओपन, पेबल बीच कोर्स, १७ वं होल, टॉम वॉटसननं रफमधनं थेट आत घातली आणि जॅक निकलसला मागं टाकलं. १९८७ च्या मास्टर्स स्पर्धेच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी झाल्यावरच्या जादा होलांत, लॅरी माइझनं ऑगस्टा कोर्सच्या ११ व्या होलवर साधारण १४० फुटांवरनं घातली, ग्रेग नॉर्मन बघत राहिला. पण शिकायला सगळ्यात चांगली २००५ च्या मास्टर्समधली १६ व्या होलवरची टायगर वूड्सची. टप्पा त्यानं होलपासनं बराच लांब, डावीकडं वरच्या अंगाला टाकला, तिथनं बॉल उतारानं वळून खाली आला, काठावर क्षणभर थांबला आणि आत पडला. होलच्या दिशेला त्यानं मारलंच नव्हतं.

घरी सराव

तालमीत जसा एकच डाव रोज घोटतात तसं हे घोटायला लागतं. मोकळ्या मातीवर काठीनं एक रेघ ओढायची, पाय रेघेच्या दोन्ही बाजूंना घेऊन उभं राहायचं आणि बॉल न ठेवता नुसता झोका घ्यायचा. क्लबचा ओरखडा रेघेवर किंवा रेघेच्या डावीकडं, म्हणजे होलच्या बाजूला उठला तर बरोबर, उजवीकडं उठला तर भार मागं राहिलाय. माती खोटं बोलत नाही. वीसातले पंधरा ओरखडे बरोबर यायला लागल्यावरच बॉल ठेवावा.

गच्चीवर असाल तर काथ्याचं पायपुसणं अंथरायचं आणि भोकाचे प्लॅस्टिकचे बॉल वापरायचे. पाच पावलांवर पंचा चौघडी करून टाकायचा आणि बॉलचा टप्पा त्या पंचावर पाडायचा, पुढं कुठं जातो ते बघायचंसुद्धा नाही. आधी हातानं अंडरआर्म दहा बॉल पंचावर टाकावेत, मग क्लब घ्यावा, हाताला अंतर आधी कळतं आणि क्लबला नंतर.

गवताची जागा आणि पुरायला एखादा डबा मिळाला तर खेळच लावता येतो. नऊ वेगवेगळ्या ठिकाणांहून एक-एक चिप मारायची आणि प्रत्येक वेळी पट मारून बॉल डब्यात घालायचाच, प्रत्येक ठिकाणाचे पार म्हणजे अपेक्षित फटके दोन, एकूण १८. नवशिक्याचे पंचवीस-सव्वीस होतात. क्लब सगळीकडं एकच वापरून एकदा आणि दर वेळी बदलून एकदा असं दोनदा खेळावं, दोन्ही आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवावेत.