दमशेराजचे गुण आणि दिक्सिटचे गुण

गट न पाडता दमशेराज खेळायचं ठरलं की दिक्सिट हा चित्रांच्या पत्त्यांचा खेळ खेळलेलं कुणीतरी सुचवतं, 'गुण दिक्सिटसारखे देऊ.' दोन्हीकडे एकजण खूण देतो, बाकीचे ओळखतात, आणि खूण देणाऱ्याचे गुण त्या ओळखण्यावर ठरतात. तरी हा नियम तिकडून इकडे आणू नये.

दिक्सिट हा झाँ-लुई रुबिरा यांचा २००८ सालचा खेळ. ज्याची पाळी असेल त्याने हातातल्या सहा चित्रांपैकी एक निवडायचं आणि त्याला शोभेल असं काही बोलायचं. बाकीचे त्या बोलण्याला जुळणारं आपापलं एकेक चित्र टाकतात, सगळी मिसळतात, आणि मूळ चित्र कोणतं यावर मतं पडतात. काहींनी ओळखलं, काहींनी नाही, तर बोलणाऱ्याला ३ आणि ओळखणाऱ्यांनाही ३. सगळ्यांनी ओळखलं किंवा कुणीच नाही, तर बोलणाऱ्याला शून्य, इतरांना २. शिवाय आपल्या चित्राने कुणाला चकवलं तर दर मताला १.

समजा चित्रात जिन्यावर अडकलेली होडी आहे. 'होडी' म्हटलं तर सगळे ओळखतील. फक्त स्वतःलाच ठाऊक असलेली आठवण सांगितली तर कुणीच नाही. 'परत येतो म्हणाला होता' असं काही सुचलं की डाव रंगतो. चित्रही बोलणाऱ्याचं, शब्दही त्याचेच. म्हणून दोन्ही टोकांना बसणारी शिक्षा न्याय्य आहे.

दमशेराजमध्ये सिनेमाचं नाव दुसऱ्याने दिलेलं असतं. सोपं आलं, सगळ्यांनी ओळखलं आणि शून्य मिळालं, तर अभिनय करणाऱ्याचा काय दोष? पुढच्या वेळी तो मुद्दाम अर्धवट खुणा करील, आणि चांगला अभिनय हाच तोट्याचा ठरेल.

मग 'पहिल्यांदा ओरडेल त्याला एक, अभिनय करणाऱ्याला एक' हा नेहमीचा नियम? सहाजण असतील तर एका फेरीत प्रत्येकजण एकदा अभिनय करतो आणि पाचदा ओळखतो. तोंडाने चपळ असलेला पाच गुण ओढून नेतो, उत्तम अभिनय करणाऱ्याला मात्र एकाच्या वर काही मिळत नाही. दोन मावसभावंडं आपसातल्या खुणांवर एकमेकांना गुण पुरवतात ते वेगळंच.

माझ्या मते उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्यावं, सगळ्यांना सारखा वेळ द्यावा. बरोबर लिहिणाऱ्या प्रत्येकाला १, आणि अशा प्रत्येक चिठ्ठीमागे अभिनय करणाऱ्यालाही १. आता सहाजणांत अभिनयातून जास्तीत जास्त पाच आणि ओळखण्यातूनही पाचच. घरगुती खुणेवर एकच गुण मिळतो, त्यामुळे सगळ्यांना समजेल असा अभिनय करावासा वाटतो. आरडाओरडा कमी होतो, ही किंमत आहे. लाजरी मुलंही खेळात येतात म्हणून मला ती मान्य आहे.

दिक्सिटकडून घ्यायचीच असेल तर ही बरोबरी घ्यावी: ओळखलं गेलं की दोघांना सारखेच गुण. दर चिठ्ठीमागे अभिनय करणाऱ्याला २ आणि ओळखणाऱ्याला १ दिला, तर आघाडीवरच्या माणसाचा सिनेमा ओळखणारा त्याच्याहून आणखी एका गुणाने मागे पडतो. शेवटच्या फेरीत मग उत्तर येत असूनही लोक चिठ्ठी कोरी ठेवतात.

सिनेमांची नावं मात्र न खेळणाऱ्या आत्याकडून किंवा आजोबांकडून लिहून घ्यावीत. गट असताना ती समोरचा गट देतो. इथे खेळणाऱ्यानेच लिहिली, तर त्याला एक उत्तर आधीच माहीत असतं.