तेलाचा डबा: १५ किलोचा की १५ लिटरचा?

दोन्ही डबे पत्र्याचे, चौकोनी, दिसायला सारखेच. लिटरचा डबा शे-दीडशे रुपयांनी स्वस्त दिसतो, म्हणून तोच उचलला जातो. पण त्यात मुळात तेलच कमी असतं. शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन, सरकी, कोणतंही तेल घ्या; एक लिटर साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम तेल, तर १५ किलोच्या डब्यात जवळजवळ साडेसोळा लिटर. (किलोचा डबा घरच्या १५ लिटरच्या किटलीत रिकामा करायला गेलात तर दीड लिटर ओट्यावर!)

हिशेब करायचा तो किलोवर. लिटरच्या भावाला ०.९१ ने भागा. दुकानात उभ्या उभ्या करायचा तर भावात दहा टक्के मिळवा. समजा, किलोचा डबा २४०० रुपयांना आहे आणि लिटरचा २२५० ला. पहिला किलोला १६० रुपये पडला, दुसरा जवळपास १६५. दीडशे वाचले असं वाटलं, प्रत्यक्षात तेवढ्याच तेलाला ६६ रुपये जास्त गेले.

पिशव्यांत हाच घोळ बारीक होतो आणि तिथेच जास्त फसायला होतं. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पिशव्यांपैकी एक ९१० ग्रॅमची असते, दुसरी ८५० ची, कधी ८०० ची. ८५० ग्रॅमची १२० रुपयांना आणि ९१० ची १२५ ला असेल, तर पाच रुपये महाग असलेलीच घ्यावी: ती किलोला १३७ पडते, दुसरी १४१. छापील किमतीजवळ बारीक अक्षरात प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर दर असतो. मात्र एकीवर ग्रॅमचा आणि दुसरीवर मिलिलिटरचा दर असेल तर ते आकडे थेट ताडून पाहू नका.

आणखी एक पळवाट होती तापमानाची. तेल तापलं की फुगतं, वजन तेवढंच राहतं. सोयाबीनचं एक लिटर तेल २१ अंशांना ९१९ ग्रॅम भरतं, ६० अंशांना ८९२.६. लेबलवर ६० अंश छापले की कमी तेल भरूनही 'एक लिटर' म्हणता येई. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तापमान न छापता आकारमानासोबत वजनही लिहायला सांगितलं. म्हणून पिशवीवर आधी ग्रॅम शोधा.

घाण्यावर भाव विचारताना किलोचा की लिटरचा, हे आधीच ठरवून घ्या. कॅन घरचा असेल तर तो रिकामा असताना काट्यावर ठेवून वजन शून्य करायला सांगा. तुपालाही हेच लागू: एक लिटरच्या डब्यावर बहुधा ९०५ ग्रॅम लिहिलेलं सापडेल.

महिन्याला दोन-अडीच किलोच तेल लागत असेल तर मोठ्या डब्याच्या फंदात पडू नका. तो सहा-सात महिने उघडा राहतो, तेल खवट होतं. पाच लिटरचा कॅन पुरे.